स्थितिजन्य चक्कर आणि अंतर्कर्ण : निदान व उपचार यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

अंथरुणावर कूस बदलताना, पहाटे उठून बसताना किंवा फळीवरचा डबा काढण्यासाठी मान वर करताना एकाएकी भोवतालची खोली गरगर फिरू लागावी, मळमळ सुटावी आणि अर्ध्या मिनिटात सर्व काही पूर्ववत व्हावे, हा अनुभव अनेकांना येतो. विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळते. वैद्यकशास्त्रात या विकाराला 'सौम्य आकस्मिक स्थितिजन्य चक्कर' या अर्थाचे नाव असून 'बी.पी.पी.व्ही.' या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. जर्मनीत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लोकसंख्याधिष्ठित पाहणीनुसार सुमारे २.४ टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार होतो. नावात 'सौम्य' हा शब्द असला तरी वृद्ध व्यक्ती अशा झटक्यात तोल जाऊन पडली तर अस्थिभंग, अंथरुणाला खिळणे आणि परावलंबन असे परिणाम संभवतात. म्हणून या विकाराचे यथार्थ निदान हा सामाजिक आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

या विकाराचा इतिहास एका वेगळ्याच कारणासाठी अभ्यसनीय आहे. त्याचे लक्षणचित्र १९२१ मध्येच अचूकपणे नोंदले गेले होते; परंतु त्यावरील सोपा, बिनखर्चाचा आणि काही मिनिटांत करता येणारा उपचार सर्वमान्य होण्यास विसावे शतक संपावे लागले. या दीर्घ विलंबाची कारणे कोणती, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. अंतर्कर्ण आणि शरीराचा तोल यांचा संबंध कसा प्रस्थापित झाला, हे पाहणे.
२. स्थितिजन्य चक्करेच्या कारणमीमांसेतील स्थित्यंतरांचा आढावा घेणे.
३. कारणमीमांसा बदलल्यामुळे उपचारपद्धती कशी बदलली, हे स्पष्ट करणे.
४. नव्या उपचाराच्या स्वीकारास झालेल्या विलंबाची मीमांसा करणे.

मेंदूपासून कानापर्यंत :

चक्कर हे लक्षण मानवाला प्राचीन काळापासून परिचित आहे. आयुर्वेदातील 'माधवनिदान' या ग्रंथात भ्रमाचा विचार मूर्च्छा, निद्रा, तंद्रा आणि संन्यास यांच्या समवेत एकाच प्रकरणात केलेला आढळतो. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चक्करेचा संबंध प्रामुख्याने मेंदूशी जोडला जात असे. मेंदूत रक्त साचणे किंवा अपस्माराचा एखादा प्रकार, अशी तिची कारणे सांगितली जात. कान हे केवळ श्रवणाचे इंद्रिय आहे, ही समजूत इतकी दृढ होती की तोलाच्या संदर्भात त्याचा विचारही होत नसे.

या समजुतीला पहिला तडा फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पिएर फ्लूरांस यांच्या प्रयोगांनी गेला. १८२० च्या दशकात त्यांनी कबुतरांच्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदून पाहिल्या. कबुतरांना ऐकू येत राहिले. मात्र त्यांचा तोल पार बिघडला आणि जी नलिका छेदली होती, तिच्याच प्रतलात डोके वारंवार हलू लागले. हे निरीक्षण विलक्षण होते, तथापि रुग्णशय्येपर्यंत ते लगेच पोहोचले नाही. ते कार्य पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पेर मेनिएर यांनी केले. जानेवारी १८६१ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे त्यांनी असे प्रतिपादन केले की, चक्कर, उलटी, कानातील नाद आणि बहिरेपणा ही लक्षणे एकत्र आढळणाऱ्या रुग्णांत दोष मेंदूत नसून अंतर्कर्णात असतो. प्रस्थापित मताला छेद देणाऱ्या या प्रतिपादनाचे तत्काळ स्वागत झाले नाही. पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, मेनिएर यांचे निधन झाले.

१८७० मध्ये फ्रीडरिश गोल्ट्स यांनी अर्धवर्तुळाकार नलिका हे तोलाचे इंद्रिय असल्याचे मत मांडले. त्यानंतर १८७३ ते १८७५ या अल्पावधीत भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख, व्हिएन्नाचे वैद्य योझेफ ब्रॉयर आणि एडिंबरोचे रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर क्रम ब्राऊन हे तिघे परस्परांपासून स्वतंत्रपणे जवळजवळ एकाच निष्कर्षाप्रत आले. डोके फिरते तेव्हा नलिकेतील द्रव जडत्वामुळे मागे राहतो आणि त्यातून मेंदूला फिरण्याची जाणीव होते, हा तो निष्कर्ष होय. १८९२ मध्ये युलियुस एवाल्ड यांनी कबुतरांच्या नलिकांवर सूक्ष्म दाब देऊन द्रवाच्या हालचालीची दिशा आणि डोळ्यांच्या हालचालीची दिशा यांतील नियम दाखवून दिले. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या आरंभी आवश्यक ते भौतिक ज्ञान बव्हंशी उपलब्ध झालेले होते.

रॉबर्ट बारानी यांचे निरीक्षण :

व्हिएन्ना येथे १८७६ मध्ये जन्मलेले रॉबर्ट बारानी हे ॲडम पोलिट्झर यांच्या कर्णरोग चिकित्सालयात काम करीत असत. कान पाण्याने धुताना रुग्ण चक्कर येत असल्याची तक्रार करतात, हे सर्वच वैद्यांना ठाऊक होते. बारानी यांनी त्याच वेळी रुग्णांचे डोळे न्याहाळले. थंड पाण्याने डोळे एका दिशेला झटके देतात आणि गरम पाण्याने त्याच्या विरुद्ध दिशेला, हे त्यांच्या ध्यानात आले. तापलेले पाणी बंबात वर चढते, त्याप्रमाणे उष्णतेमुळे नलिकेतील द्रवात प्रवाह निर्माण होतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. या संशोधनासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते रशियाच्या ताब्यातील युद्धकैदी म्हणून मध्य आशियातील मर्व्ह येथे होते. स्वीडनच्या राजपुत्र कार्ल यांच्या प्रयत्नांनी १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली. पुढे उप्साला विद्यापीठात त्यांनी कार्य केले.

१९२१ मध्ये बारानी यांनी २७ वर्षे वयाच्या एका स्त्रीरुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. उजव्या कुशीवर निजताच तिला तीव्र चक्कर येई, डोळे चक्राकार झटके देत आणि सुमारे ३० सेकंदांत सर्व शांत होई. लगेच तीच हालचाल पुन्हा केली तर चक्कर येत नसे. काही काळ उताणे किंवा डाव्या कुशीवर पडून राहिल्यानंतरच ती पुन्हा उद्भवे. त्याआधी १८९७ मध्ये आडलर यांनीही अशा चक्करेचा उल्लेख केला होता. परंतु बारानी यांचे वर्णन अधिक नेमके होते.

येथे इतिहासातील एक विसंगती नजरेस येते. नलिकेतील द्रवाच्या प्रवाहावर ज्यांनी कीर्ती मिळविली, त्याच बारानी यांनी या चक्करेचे कारण नलिकेत शोधले नाही. डोक्याच्या विशिष्ट स्थितीत चक्कर येते, म्हणजे दोष गुरुत्वाकर्षणाची जाणीव करून देणाऱ्या कर्णवालुकेच्या इंद्रियात असला पाहिजे, असे त्यांनी अनुमान केले. तत्कालीन ज्ञानानुसार ते तर्कसंगत होते, कारण निरोगी नलिकेला गुरुत्वाकर्षणाचे संवेदन नसते. मात्र चक्कर अर्ध्या मिनिटात का थांबते आणि पुनरावृत्तीत क्षीण का होते, या प्रश्नांचे समाधान त्या अनुमानातून होत नव्हते.

डिक्स आणि हॉलपाइक यांची चाचणी :

पुढील तीन दशकांत या विकाराकडे फारसे लक्ष गेले नाही. १९५२ मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनी १०० रुग्णांच्या अभ्यासावर आधारित निबंध प्रसिद्ध केला आणि या विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली. हॉलपाइक यांचा जन्म १९०० मध्ये तत्कालीन हिंदुस्थानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी झाला होता. डिक्स यांचा शल्यविशारद होण्याचा मानस होता. परंतु दुसऱ्या महायुद्धातील हवाई हल्ल्यात चेहऱ्याला व डोळ्यांना इजा झाल्याने तो मार्ग बंद झाला आणि त्या कान व मज्जासंस्था यांच्या संशोधनाकडे वळल्या.

त्यांनी सांगितलेली चाचणी आजही निदानाचा मुख्य आधार आहे. रुग्णाला पलंगावर बसवून त्याचे डोके एका बाजूस वळवावयाचे आणि डोळे उघडे ठेवण्यास सांगून त्याला झटकन असे मागे निजवावयाचे की डोके पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबते राहील. विकार असल्यास काही सेकंदांच्या विलंबाने डोळे खालच्या कानाच्या दिशेने चक्राकार झटके देऊ लागतात, त्यांची तीव्रता वाढते आणि मग ओसरते. रुग्णास पुन्हा बसविले असता झटक्यांची दिशा उलटते. चाचणी लागोपाठ केल्यास प्रतिसाद क्षीण होत जातो. विलंब, अल्पकालिकता, दिशाबदल आणि क्षीणता या चार लक्षणांमुळे हा विकार मेंदूच्या गंभीर आजारांपासून वेगळा ओळखता येऊ लागला. कारणमीमांसेबाबत मात्र डिक्स व हॉलपाइक यांनी बारानी यांचेच अनुसरण केले. निदान हाती आले. उपचार हाती आला नाही.

शुक्नेक्ट यांचा सिद्धांत आणि त्याच्या मर्यादा :

अंतर्कर्णातील युट्रिकल नावाच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक एका चिकट थरावर बसलेले असतात. हीच कर्णवालुका होय. तिची घनता भोवतालच्या द्रवाच्या अडीचपटींहून अधिक असते. अमेरिकेतील बॉस्टन येथील हेरॉल्ड शुक्नेक्ट यांनी १९६२ मध्ये असा विचार मांडला की, ही वालुका मूळ जागेवरून सुटून मागील अर्धवर्तुळाकार नलिकेपर्यंत पोहोचत असावी. १९६९ मध्ये त्यांनी, हयातीत हा विकार असलेल्या दोन व्यक्तींच्या मृत्यूनंतर केलेल्या अस्थिपरीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत मागील नलिकेच्या टोकाशी असलेल्या जिलेटिनसदृश पडद्यावर, म्हणजे क्युप्युलावर, गडद रंगाचा थर चिकटलेला आढळला होता. या थरामुळे क्युप्युला जड होते आणि डोके कलते तशी ती ओढली जाते, असा हा 'क्युप्युलोलिथियासिस' सिद्धांत होता.

या सिद्धांताने दोषस्थान युट्रिकलमधून मागील नलिकेकडे हलविले, ही मोठीच प्रगती होती. १९६४ मध्ये कोहेन, सुझुकी व बेंडर यांनी मांजरांच्या एकेका नलिकेची मज्जा विजेने उद्दीपित करून डोळ्यांची कोणती हालचाल होते हे दाखविले होते. त्यावरूनही रुग्णांत दिसणारे चक्राकार झटके मागील नलिकेशीच जुळत होते. तथापि सिद्धांतात एक उणीव राहिली. जड झालेली क्युप्युला डोके त्या स्थितीत असेपर्यंत झुकलेलीच राहावयास हवी आणि चक्करही तोपर्यंत टिकावयास हवी. प्रत्यक्षात ती थांबते. शिवाय विलंब आणि क्षीणता यांचे समर्पक उत्तर मिळत नव्हते. पुढील काळात तर चक्करेचा इतिहास नसलेल्या व्यक्तींच्या अस्थींतही असे थर आढळून आले.

तरीही या सिद्धांताचे उपचारावर परिणाम झाले. १९७४ मध्ये रिचर्ड गासेक यांनी मागील नलिकेकडून येणारी मज्जा छेदण्याची शस्त्रक्रिया सुचविली. ती परिणामकारक होती. परंतु नाजूक होती आणि तीत श्रवणशक्ती गमावण्याचा धोका होता. काही सेकंदांच्या चक्करेसाठी असा धोका पत्करावा लागणे, यावरून रुग्णांची त्या काळातील असहायता ध्यानात येते.

मुक्त कणांची कल्पना :

१९७९ मध्ये कॅनडातील हॉल, रुबी व मॅक्ल्युअर यांनी वेगळी मांडणी केली. वालुकेचे कण क्युप्युलाला चिकटलेले नसून नलिकेतील द्रवात मोकळे असतात, असे त्यांनी सुचविले. या एका बदलाने बारानी व डिक्स-हॉलपाइक यांनी नोंदलेली सर्व लक्षणे उलगडतात. डोके मागे झुकते तेव्हा कण घरंगळू लागतात आणि द्रवाला आपल्याबरोबर ओढतात. क्युप्युला वाकण्यास काही सेकंद लागतात, म्हणून विलंब होतो. कण नलिकेच्या सर्वांत खालच्या बिंदूशी पोहोचले की प्रवाह थांबतो, म्हणून चक्कर अल्पकालिक असते. उठून बसताना कण उलट दिशेने जातात, म्हणून डोळ्यांच्या झटक्यांची दिशा बदलते. वारंवार हालचालीने कण विखुरतात, म्हणून प्रतिसाद क्षीण होतो. विश्रांतीनंतर ते पुन्हा एकत्र येतात आणि चक्कर परतते.

कण मोकळे असतील तर त्यांना बाहेर काढणेही शक्य असले पाहिजे, हा या विचाराचा स्वाभाविक उपसिद्धांत होता. नलिका ही एका बाजूने युट्रिकलला उघडणारी वाट आहे. डोके योग्य क्रमाने फिरविले तर गुरुत्वाकर्षणाच्या साहाय्याने कण त्या वाटेने मूळ घरी परत जातील. पुढे लॉर्न पार्न्स यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मागील नलिका उघडली असता तीत मोकळे कण दिसल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध केले आणि या कल्पनेला प्रत्यक्ष पुरावा लाभला.

हालचालीचे उपचार :

मध्यंतरी उपचाराचे प्रयत्न दोन दिशांनी सुरू झाले होते. १९८० मध्ये थॉमस ब्रांट व रॉबर्ट डॅरॉफ यांनी रुग्णाने बसलेल्या अवस्थेतून आळीपाळीने दोन्ही कुशींवर वेगाने निजण्याचा व्यायाम सुचविला. त्यांच्या ६७ रुग्णांपैकी ६६ जण ३ ते १४ दिवसांत बरे झाले. चक्कर टाळण्यासाठी स्थिर पडून राहावे, या रूढ सल्ल्याच्या हा व्यायाम नेमका विरुद्ध होता. फ्रान्समधील आलँ सेमाँ या भौतिकोपचारतज्ज्ञांनी रुग्णाला एका कुशीवरून थेट दुसऱ्या कुशीवर वेगाने नेण्याची पद्धत विकसित केली. १९८८ मध्ये सेमाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७११ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. एका प्रयोगानंतर ८४ टक्के आणि दोन प्रयोगांनंतर ९३ टक्के रुग्ण बरे झाल्याचे त्यांनी नोंदविले. लक्षणीय बाब अशी की, हे दोन्ही उपचार चिकटलेल्या थराच्या जुन्या सिद्धांतावर आधारलेले होते. थर सुटावा या हेतूने केलेली हालचाल प्रत्यक्षात मोकळ्या कणांना बाहेर काढीत असावी. सिद्धांत अपुरा असूनही उपचार यशस्वी होऊ शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

मुक्त कणांच्या कल्पनेवर थेट उपचार उभारण्याचे श्रेय अमेरिकेतील पोर्टलंड येथील कर्णरोगतज्ज्ञ जॉन एप्ली यांच्याकडे जाते. नलिकांची प्रतिकृती तयार करून, डोके कसे फिरविले असता कण बाहेर पडतील, याचा त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या पद्धतीत रुग्णाचे डोके बाधित कानाकडे ४५ अंश वळवून त्याला मागे निजविले जाते. चक्कर शमल्यावर डोके दुसऱ्या बाजूस ९० अंश फिरविले जाते. त्यानंतर रुग्णाला कुशीवर वळवून चेहरा जमिनीकडे केला जातो आणि शेवटी उठवून बसविले जाते. संपूर्ण प्रक्रियेस अवघी काही मिनिटे लागतात.

स्वीकारातील विलंब :

एप्ली यांनी १९८० मध्ये आपली कल्पना कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अधिवेशनात मांडली, तेव्हा तिच्याकडे अविश्वासाने पाहिले गेले. त्यांचा उपचारविषयक निबंध नियतकालिकांनी पुनःपुन्हा नाकारला आणि तो अखेर १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे राज्याच्या वैद्यकीय मंडळापुढे त्यांच्याविरुद्ध तक्रारही दाखल झाली. दीर्घ चौकशीनंतर ते त्यातून मुक्त झाले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलेले होते.

या विरोधाची कारणे केवळ व्यक्तिगत आकसात शोधणे योग्य ठरणार नाही. पहिले कारण प्रतिष्ठित सिद्धांताचे होते. शुक्नेक्ट यांच्यापाशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा पुरावा होता, तर मोकळे कण मृत्यूनंतरच्या परीक्षणात मूळ स्थितीत टिकून राहणे कठीण होते. दुसरे कारण उपचाराच्या स्वरूपात होते. औषध नाही, शस्त्र नाही, केवळ डोके फिरविणे. शास्त्रशुद्ध उपचाराची जी प्रतिमा वैद्यकविश्वात होती, तिच्यात हे बसत नव्हते. तिसरे कारण मात्र न्याय्य होते. हा विकार अनेकदा आपोआप बरा होतो. त्यामुळे उपचाराने रुग्ण बरा झाला की काळाने, हे तुलनात्मक चाचणीशिवाय सांगता येत नव्हते. एप्ली यांच्या मूळ अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

ही उणीव १९९५ मध्ये भरून निघू लागली. लिन व सहकाऱ्यांनी ३६ रुग्णांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीत खरा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ८९ टक्के रुग्णांची चाचणी महिन्याभराने नकारात्मक आली. लटका उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. त्यानंतर अनेक चाचण्या आणि कॉक्रन संस्थेचे आढावे प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये अमेरिकेतील कान-नाक-घसा अकादमी आणि मज्जाशास्त्र अकादमी या दोन्ही संस्थांनी आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत या उपचाराची शिफारस केली. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या या विकारात सरसकट देऊ नयेत, असेही कान-नाक-घसा अकादमीने सांगितले. उपचारानंतर बसूनच झोपावे यांसारखी बंधने अनावश्यक असल्याचे २०१७ च्या सुधारित आवृत्तीत स्पष्ट करण्यात आले. बारानी यांच्या नावे १९६० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २०१५ मध्ये निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध केले.

प्रश्न अर्थात संपलेले नाहीत. कण कधी आडव्या नलिकेत जातात. त्यासाठी वेगळ्या हालचाली कराव्या लागतात. बऱ्या झालेल्या अनेक रुग्णांत विकार पुन्हा उद्भवतो. दक्षिण कोरियात झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ड जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या रुग्णांना ते व कॅल्शियम दिले असता पुनरावृत्तीचे वार्षिक प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. तसेच चक्करेसोबत बोलण्यात अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे, दोन प्रतिमा दिसणे किंवा तीव्र डोकेदुखी असल्यास विकार मेंदूचा असू शकतो. अशा वेळी हालचालीचे उपचार न करता तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

निष्कर्ष :

१. स्थितिजन्य चक्करेची निर्णायक लक्षणे १९२१ व १९५२ मध्येच नोंदली गेली होती. विलंब झाला तो त्यांचा अर्थ लावण्यात.
२. विलंब, अल्पकालिकता आणि क्षीणता ही किरकोळ वाटणारी लक्षणेच अखेर योग्य कारणमीमांसेची किल्ली ठरली.
३. कारणमीमांसा मज्जा छेदण्याकडून कण परत पाठविण्याकडे वळली, तेव्हा उपचार धोकादायक न राहता सुलभ झाला.
४. नव्या उपचाराबद्दलचा संशय अंशतः पूर्वग्रहजन्य, तर अंशतः शास्त्रीय होता. तो दूर करण्याचे कार्य तुलनात्मक चाचण्यांनी केले.

समारोप :

आपल्याकडे आजही चक्कर म्हटली की मानेच्या मणक्याची झीज, रक्तदाब, पित्त किंवा अशक्तपणा यांकडे बोट दाखविले जाते आणि रुग्ण महिनोन्‌महिने गोळ्या घेत, मानेला पट्टा बांधून वावरताना दिसतो. कूस बदलताच येणारी आणि मिनिटाच्या आत जाणारी चक्कर असेल, तर एक पलंग आणि एक जाणकार व्यक्ती एवढ्याच साधनांनी तिचे निदान करता येते आणि बहुधा त्याच बैठकीत उपचारही होऊ शकतो. ज्या ग्रामीण भागात महागडी यंत्रे पोहोचत नाहीत, तेथेही हे शक्य आहे. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांना ही चाचणी प्रत्यक्ष करून शिकविणे अगत्याचे आहे. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते रुग्णापर्यंत पोहोचणे यांत किती अंतर पडू शकते, हे या विकाराच्या इतिहासाने एकदा दाखवून दिले आहे. त्या अंतराची पुनरावृत्ती टाळणे हे वैद्यकशिक्षणाचे दायित्व होय.